चार पोस्टकार्डे

आमच्या घरातून कुणी परगावी निघाले की आई एकच वाक्य म्हणत असे, "पोचल्यावर कार्ड टाक रे बाबा." जाणारा परभणीला निघालेला असो की हैदराबादला, वाक्य तेच. मग चार-सहा दिवसांनी पोस्टमन ते कार्ड आणून देई. त्यावर मजकूर असून असून किती असणार? सुखरूप पोचलो, काळजी नसावी, लहानांस आशीर्वाद. आईला वाचता येत नव्हते. तरी ती ते कार्ड दोन्ही बाजूंनी पाही, कुणाकडून तरी वाचून घेई आणि देवाच्या फळीवर नेऊन ठेवी. कार्डावर काय लिहिले आहे याला तिच्या लेखी फारसे महत्त्व नव्हते. कार्ड आले यातच सारे आले.

आबांनी मात्र कधी कार्ड टाकले नाही. ते एस.टी.वर ड्रायव्हर होते. रोज परगावी जाणारा माणूस रोज कार्डे कुठून टाकणार? रात्री अंगणात त्यांच्या चपला वाजल्या, की आई चुलीवरचा तवा पुन्हा तापवायला घेई. त्या चपलांचा आवाज हेच आबांचे कार्ड.

ही पोस्टकार्डे मला पुढे भलत्याच ठिकाणी भेटली. लातूरच्या शाळेत मी तेहतीस वर्षे विज्ञान शिकवले. एकदा एका कागदावर मी सहज एक हिशेब मांडला. माझ्या लहानशा मोटारीचे वजन माणसांसकट हजार किलो धरले. चाके चार, तेव्हा एकेका चाकावर अडीचशे किलो. चाकातली हवा तीस पौंडांची, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो दाब. अडीचशेला दोनांनी भागले तर उत्तर येते सव्वाशे चौरस सेंटिमीटर. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, म्हणून हा हिशेब ढोबळच. पण एका वेळी टायरची जमिनीला टेकलेली जागा असते ती एवढीच. आपले पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. गुणाकार करून पाहा: १२६!

म्हणजे आपली सारी मोटार, तीत बसलेली बायकामुले, डिकीतल्या पिशव्या, हे सारे चार पोस्टकार्डांवर उभे असते. वळायचे ते त्यांच्या जोरावर, थांबायचे तेही त्यांच्याच जोरावर. बाकीचे मोठे यंत्र त्या चार कार्डांवर आपला मजकूर लिहीत असते एवढेच.

हा हिशेब मी मांडला तेव्हा फार उशीर झाला होता. तो अगोदर का मांडला नाही, हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो आहे.

आबांच्या नोकरीचा आरंभ निजामी राजवटीच्या वारशातून आलेल्या खात्यात झाला. आमच्या मुलखात सरकारी मोटारी पुण्या-मुंबईच्या आधी आल्या, याचा त्यांना भारी अभिमान. निजाम राज्याच्या रेल्वेने १९३२ सालीच २७ गाड्यांनिशी रस्त्यावरची वाहतूक सुरू केली होती. तिकडे पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. धावली ती १ जून १९४८ रोजी. पुढे राज्ये बदलली, खात्यांची नावे बदलली, आणि १९६१ साली मराठवाड्याच्या गाड्या महाराष्ट्राच्या महामंडळात आल्या. आबा म्हणत, "पाट्या बदलल्या, पण रस्ता तोच राहिला की."

तो रस्ता म्हणजे नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. सुमारे एकशे चाळीस किलोमीटर. आता तो ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे, रुंदही झाला आहे. आबांच्या वेळी तो एका गाडीपुरता डांबरी आणि दोन्ही अंगांना धुळीचा होता. समोरून गाडी आली की कुणी तरी एकाने चाके खाली घालायची. आणि पावसाळ्यात ती एकदा खाली गेली की वर येतील याचा भरवसा नसे.

आमची काळी माती हा एक निराळाच प्राणी आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसात ती पाणी पिऊन फुगते. तिच्या पोटात ज्या जातीची चिकणमाती असते, ती पाणी धरून फुगते आणि सोडून आकसते. तिच्यावर बांधलेला रस्ताही तिच्याबरोबर श्वास घेतो; म्हणून तर आमच्याकडचे जुने रस्ते लाटांसारखे वरखाली होत. हीच माती ओली होऊन डांबरावर पसरली की साबण बरा म्हणायची पाळी येते.

गाडी सुटण्यापूर्वी आबांचा एक विधी असे. हातात टॉमी घेऊन ते गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालीत आणि प्रत्येक चाकावर एकेक ठोका देत. हवा भरपूर असली की ठोका ठणकन वाजे. कमी असली की भद्द. आत-बाहेर जोडीने बसवलेल्या मागच्या चाकांतले आतले चाक बसले तर बाहेरून कळत नाही, म्हणून तिथे ते वाकून दोनदा ठोकीत. मग टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवीत. उतारू खिडकीतून ओरडत, "ड्रायव्हरसाहेब, पूजा झाली का?" कंडक्टर दोरी ओढून घंटा वाजवी. आबांचे लक्ष नसे.

मी तेव्हा आठ-दहा वर्षांचा. मला त्या सोपस्काराची लाज वाटे. एकदा मी विचारलेही, "रोजच कशाला बघायचं, आबा? काल तर बघितलं होतं." माळेगावच्या जत्रेहून परतणाऱ्या बैलगाड्या रस्त्याने चालल्या होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "बैलाच्या पायाला पत्री ठोकतात, बघितलास का? कुणबी सकाळी जुंपायच्या आधी खूर बघतो. बैल बोलत न्हाई, म्हणून आपण बघायचं. चाक बी बोलत न्हाई."

बैलाला पत्र्या ठोकताना मी पुष्कळदा पाहिले होते. बैलाला दोरांनी आडवा पाडतात, चारी पाय एकत्र बांधतात, आणि नालबंद खुराची झिजलेली कड तासून त्यावर लोखंडी पत्री बसवतो. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. डांबर-खडीवर खूर झिजू नयेत म्हणून हा खटाटोप. टायरचा मात्र मोठा विचित्र न्याय आहे: झिजणे हाच त्याचा धर्म. रस्त्याला धरून राहायचे तर रोज थोडे थोडे रस्त्यावर ठेवून यावे लागते.

हवेचे टायर ज्याने चालते केले तो गृहस्थ गुरांचा डॉक्टर होता, हे मला पुढे वाचनात आले तेव्हा आबांच्या बोलण्याची आठवण झाली. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. तशी कल्पना त्याच्याही आधी, १८४५ साली, थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाला सुचली होती. पण ती मागे पडली होती. मुलाला धक्के बसू नयेत ही एका बापाची साधी इच्छा, आणि त्यातून सारे जग हवेवर चालू लागले.

आता माझी गोष्ट. आठवीच्या वर्गात 'घर्षण' नावाचा धडा मी दरवर्षी शिकवीत असे. घर्षणाचे फायदे सांगा, घर्षणाचे तोटे सांगा, हा प्रश्न परीक्षेला हमखास यायचा. फायद्यांत पहिला मुद्दा: घर्षणामुळे आपण चालू शकतो व वाहने थांबवू शकतो. घर्षण पृष्ठांच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा १६९९ साली आमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलेला नियमही मी फळ्यावर लिहीत असे. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मग सर, टायरला नक्षी कशाला असते?" मी म्हणालो, "पकड यावी म्हणून." उत्तर चूक नव्हते, पण ते उत्तर नव्हतेच.

खरे उत्तर असे, की रबर हा मोठा लडिवाळ पदार्थ आहे. लाकूड, लोखंड जिथल्या तिथे ताठ राहतात. रबर खडीच्या एकेका कणाला लगटून बसते, त्याच्या खाचाखोचांत शिरते, आणि वर चिकटूनही राहते. म्हणून त्याला पुस्तकातले नियम पुरते लागू पडत नाहीत. कोरड्या रस्त्यावर नक्षीवाचूनही ते चांगले धरते. शर्यतीच्या मोटारींचे कोरड्या दिवसाचे टायर मुद्दाम गुळगुळीत असतात. नक्षी हवी ती पावसासाठी. रबर आणि खडी यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा आला की त्यांची भेट तुटते. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीचे प्रत्येक पोस्टकार्ड जमिनीला टेकून असते ते सेकंदाच्या सुमारे दीडशेव्या हिश्शात. तेवढ्यात खालचे पाणी बाजूला सारायचे आणि दगडाला हात घालायचा! ते पाणी जायला वाट हवी; ती वाट म्हणजे नक्षीचे चर. चर झिजले की पाणी तिथेच राहते. थर जाड असला आणि वेग वाढला, तर ते पाणीच गाडी उचलून धरते. मग सुकाणू फिरवा, ब्रेक दाबा, होडीत बसल्यासारखे सारे व्यर्थ.

हे सारे मला ठाऊक होते. शिकवायला ठाऊक होते, वागायला नव्हते.

२००४ साल. दोन वर्षांपूर्वी मी जुनी मोटार घेतली होती. जून महिना होता, दहावीचे निकाल लागले होते, आणि माझ्या मुलीला उत्तम गुण पडले होते. 'लातूर पॅटर्न'चा तो भराचा काळ. अकरावीचा प्रवेश, शिकवण्यांची फी, पुस्तके, यांचा आकडा घरात रोज नव्याने मांडला जाई. नातीचे पेढे आजोबांना द्यायला आम्ही बापलेक नांदेडला गेलो. आबा ऐंशीच्या घरात आलेले. तेही आमच्याबरोबर लातूरला यायला तयार झाले.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी देगलूर नाक्याकडे एका ओळखीच्या टायरवाल्याकडे गेलो. म्हातारे चाचा गाडीभोवती फिरले आणि मागच्या चाकावर हात ठेवून म्हणाले, "मास्टरसाब, ये टायर नहीं, टकला है टकला. चारों बदल डालो."

मी मनात हिशेब केला. चारांचे पैसे म्हणजे एका विषयाच्या शिकवणीची वर्षाची फी. मी म्हणालो, "चाचा, सध्या दोन घाला. दोन दिवाळीला बघू."

"फिर पीछे डालो."

मी हसलो. पुढे इंजिन, पुढे सुकाणू, पुढच्या चाकांवर सारी भिस्त. नवे टायर मागे घालायचे म्हणजे नवी टोपी पाठीला बांधण्यासारखे! विज्ञानाच्या मास्तराने पंक्चरवाल्याचे ऐकायचे? मी नवे टायर पुढे घालवले. चाचांनी खांदे उडवले आणि पैसे मोजून घेतले.

दुसऱ्या दिवशी निघताना आबा गाडीपाशी थांबले. हातात टॉमी नव्हती, काठी होती. पेढ्यांचा डबा घेऊन मुलगी मागे बसली होती. आभाळ भरून आले होते, म्हणून मला घाई झाली होती.

"टायर बघितलास का रे?"

"नवीन घातलेत, आबा."

'चारी का?' असे त्यांनी विचारले असते तर मी काय म्हणालो असतो, कुणास ठाऊक. त्यांनी विचारले नाही. आयुष्यात प्रथमच, कुणाच्या तरी शब्दावर विसंबून, चाकाला हात न लावता ते गाडीत बसले. मुलगा मास्तर होता ना!

धर्मराजाच्या रथाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. त्याचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटे वर चाले. 'नरो वा कुंजरो वा' म्हणताच तो खाली टेकला. माझ्या अर्ध्या सत्याने उलटे केले. माझी गाडी जमिनीवर होती. तिची जमीन सुटली.

लोहा मागे पडले आणि मृगाची सर आली. जोराची नव्हे, भुरभुर. भुरभुर पाऊस फार लबाड. महिनोन्‌महिने रस्त्यावर साचलेली धूळ, तेल आणि रबराचा भुगा त्याने भिजतो, पण वाहून जात नाही. त्यात पेरणीचे दिवस. एका उताराच्या वळणावर शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने काळ्या चिखलाचे मोठे मोठे पोहे रस्त्यावर टाकून ठेवले होते. मी साठाच्या वेगात होतो. वळणावर आलो आणि समोर बैलगाडी दिसली. गाडीत बियाण्याची पोती, तिफण, आणि पोत्यावर बसलेली एक बाई. तिच्या मांडीवर मूल.

मी ब्रेक दाबला.

पुढच्या नव्या चाकांनी रस्ता धरला. मागच्या टकल्या चाकांनी धरला नाही. गाडीचे ढुंगण सरकन उजवीकडे निघाले; ज्या काचेतून बैलगाडी दिसत होती तीत आता शेत दिसू लागले. सुकाणू माझ्या हातात होते, पण त्याला काही वजनच नव्हते. तो हलकेपणा मी आजन्म विसरणार नाही. आबांनी तोंडातून शब्द काढला नाही. फक्त त्यांचा डावा हात मागे गेला आणि नातीच्या गुडघ्यावर घट्ट बसला.

गाडी आडवी होऊन थांबली. बैलगाडीचे चाक आणि माझे मागचे दार यांत एक वीत अंतर होते. लाल कंधारीची जोडी होती. बैल जागचे हलले नाहीत. ते बुजले असते तर पुढचे मला लिहिता आले नसते. शेतकरी खाली उतरला, बैलांच्या पाठीवर हात फिरवीत मला म्हणाला, "बैल हुबे राहिले म्हणून बरं झालं, सायेब." पोत्यावरची बाई काहीच बोलली नाही. मूल झोपेतच होते.

आबा उतरले. काठी टेकीत, चिखलातून, मागच्या चाकापाशी गेले. गुडघे दुखत असतानाही खाली बसले आणि तळहात टायरवरून फिरवला. पूर्वी फिरवीत अगदी तसाच.

"हा नवा व्हय रे?"

एवढेच. मग पुढच्या चाकालाही हात लावला, आणि माझ्याकडे न पाहता गाडीत येऊन बसले.

अहमदपूरपर्यंत मी विसाच्या वेगाने गाडी आणली. बसस्थानक दिसताच ते म्हणाले, "थांब इथं. म्या येष्टीनं येतो. पोरगी बी माझ्यासंगं येईल. तू ये हळूहळू." मुलीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. पेढ्यांचा सांडलेला डबा तसाच मागच्या सीटवर राहिला.

अहमदपूर ते लातूर मी त्या एस.टी.च्या मागे मागे गेलो. माझा बाप आणि माझी मुलगी पुढच्या गाडीत, आणि मी एकटा मागे. पाऊस वाढला होता. एस.टी.ची चाके रस्त्यावरचे पाणी दोन्ही अंगांना पंख्यासारखे फेकीत चालली होती, आणि तिच्या मागे क्षणभर दोन कोरडेसे पट्टे उमटत होते. तेहतीस वर्षांत जे मी फळ्यावर कधी नीट काढू शकलो नव्हतो, ते चित्र साठ किलोमीटर माझ्या डोळ्यांसमोर होते.

लोकांना मी काय सांगितले? "पावसामुळे गाडी घसरली." शाळेत सांगितले, शेजाऱ्यांना सांगितले. आपली भाषा अशा वेळी फार सोयीची होते. गाडी घसरते, टायर फुटतो, ब्रेक लागत नाही, ताबा सुटतो. सारे आपापले घडते. कर्ता कुठे नसतोच. 'चालकाचा ताबा सुटल्याने' हे शब्द वर्तमानपत्रात वाचले की मी हल्ली थांबतो. ताबा होता कुणाकडे? चार पोस्टकार्डांकडे. त्यांतली दोन कोरी झाली होती, आणि ती कोरी आहेत हे मला माहीत होते. गाडी घसरली नव्हती. मी घसरवली होती.

त्या रात्री मी तो हिशेब मांडला. साठाच्या वेगातली गाडी चांगल्या कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारे वीस मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर चांगल्या टायरांना पस्तीस मीटर लागतात. ओल्या चिकणमातीवर सत्तर, किंवा त्याहूनही जास्त. शिवाय डोळ्याने पाहिल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यात सतरा मीटर निघून गेलेलेच असतात. वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर चौपट होते. हे गणित मी मुलांकडून शेकडो वेळा करवून घेतले होते. त्या 'मीटर' शब्दाच्या शेवटी एखादी पोत्यावर बसलेली बाई असते, हे कधी शिकवले नव्हते.

चाचांचे म्हणणेही तेव्हा उमगले. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते. वेग कमी केला, की ती पुन्हा ऐकू लागते. मागची घसरली की गाडी गरकन फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणे चांगल्या चांगल्यांना साधत नाही. म्हणून दोनच नवे असतील तर ते मागे. शिवाय पकड ही पगारासारखी आहे. ठरलेली आणि मोजकी. वळण्याचा खर्च त्यातूनच, थांबण्याचा खर्चही त्यातूनच. वळणावर अर्धा पगार संपलेला असताना मी ब्रेकवर सगळा मागितला. तोही रिकाम्या खिशाकडून.

चौथ्या दिवशी बायकोने भिशीचे पैसे माझ्यापुढे ठेवले. "फीचं बघू. आधी चाकं," एवढेच ती म्हणाली. राहिलेले दोन टायर मी बदलले.

आबांनी या गोष्टीचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही. ते मला रागावले असते तर बरे झाले असते. त्या दिवाळीला ते लातूरला आले, तेही एस.टी.नेच. पाडव्याच्या दिवशी सकाळी मी पाहिले, तर ते अंगणात गाडीभोवती फिरत होते. प्रत्येक चाकावर काठीने एकेक ठोका. ठण, ठण, ठण, ठण. मग तळहात. चारी चाके झाल्यावर त्यांनी पुढचे दार उघडले, आत बसले आणि हाक मारली, "चल रे, गंजगोलाईला एक चक्कर मारून आण." मी गाडी सुरू केली तेव्हा माझे हात थरथरत होते, हे त्यांनी पाहिले असावे. ते रस्त्याकडे बघत बसले होते.

२००९ साली आबा गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. पोस्टकार्डांचाही जमाना सरला.

आता नियम आहे की मोटारीच्या टायरच्या चरांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. दुचाकी-तीनचाकीला ०.८. नव्या टायरचे चर सात-आठ मिलिमीटर खोल असतात. म्हणजे नियमाच्या टोकाला पोचेपर्यंत पावसातली बरीचशी पकड आधीच गेलेली असते. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला, आणि पुढे झिजलेल्या टायरांच्या गाड्या प्रवेशापाशीच अडवायला परिवहन खात्याने सुरुवात केली. तेथे उन्हाळ्यात टायर फुटण्याची भीती लोकांच्या तोंडी असते. त्याचे कारणही पुष्कळदा हवेतच असते: हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला दुमडतात, तापतात, आणि शेवटी फाटतात. वाजवीपेक्षा जास्त भरली तर कार्ड आकसते आणि पकड कमी होते. आबांच्या ठोक्याला या दोन्ही गोष्टी कळत असत.

मुलगी आता पुण्याला असते. ती स्वतः गाडी चालवीत लातूरला येते. आगपेटीतली काडी नक्षीच्या चरात आडवी घालून पाहावी, हे मी तिला शिकवले आहे. काडीची जाडी सुमारे दोन मिलिमीटर. ती चरात बुडून दिसेनाशी झाली तर निघावे, वर राहिली तर घरी बसावे. तिने मला कधी त्या दिवसाबद्दल विचारले नाही. पण नातीच्या गुडघ्यावर बसलेला तो हात तिच्या लक्षात आहे, हे मला ठाऊक आहे.

गेल्या आषाढात तिकडे पाऊस लागला होता. सकाळी तिचा निरोप यायचा होता. मी फोन हातात घेऊन बसलो होतो. निरोप आला, पण त्यात शब्द नव्हते. चार छायाचित्रे होती. चारही चाकांची. प्रत्येकाच्या चरात एकेक काडी घातलेली, पुरती बुडालेली.

मी बराच वेळ ती चार चित्रे एकामागून एक पाहत राहिलो. आई असती तर तिने ती देवाच्या फळीवर ठेवली असती.